जन्म मालवणचा, नागरिकत्व कुठले?
लेखमाला : ओळख आणि कायदा – भाग ४

गेल्या आठवड्यात आपण कुवेत-दुबईत जन्मलेल्या मालवणी मुलांविषयी वाचले. आईवडील भारतीय असल्याने ती भारतीयच. फक्त वर्षभरात भारतीय दूतावासात जन्मनोंद व्हायला हवी. आज आपल्याच किनाऱ्यावर जन्मणाऱ्या, पण परदेशी आईबापांच्या मुलांकडे वळू.

देवगड-मालवणच्या हापूस बागांत राखणीला नेपाळी कुटुंबे असतात, मच्छीमारी बोटींवर नेपाळी खलाशी असतात. बरेच जण पावसाच्या तोंडावर गावी परततात, काही जण मात्र बागेतल्या मांगरातच वर्षानुवर्षे संसार करतात. त्यांची मुले इथल्या रुग्णालयात जन्मतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात, मालवणी बोलतात. इथे जन्मले म्हणजे भारतीय झाले, असा अनेकांचा समज असतो. कायदा तसे म्हणत नाही.

१९५५च्या नागरिकत्व कायद्यात जन्मतारखेला फार महत्त्व आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, थोडे अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक ठरते. १ जुलै १९८७पासून आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४पासून ती आणखी कडक झाली : दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा.

खुल्या सीमेवरून आलेला नेपाळी नागरिक बेकायदा स्थलांतरित ठरत नाही. १९५०च्या भारत-नेपाळ करारानुसार त्याला इथे राहण्याची, काम करण्याची मुभा आहे. त्यामुळे आई मालवणची आणि वडील नेपाळी असतील, तर इथे जन्मलेले मूल भारतीय. दोघेही नेपाळी असतील, तर मूल भारतीय नाही. ते वंशाच्या आधारे नेपाळी. नेपाळात १६ वर्षे पूर्ण झाल्यावर जिल्हा प्रशासन कार्यालयातून ‘नागरिकता’ मिळते. त्यासाठी आईवडिलांची नागरिकता लागते, आणि मूल त्यांचेच हे कागदावर दाखवावे लागते.

इथेच आपली जबाबदारी येते. नागरिकत्व असो वा नसो, भारतात झालेल्या प्रत्येक जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयातल्या जन्माची माहिती रुग्णालयच कळवते. बाळंतपण मांगरात झाले तर ग्रामपंचायतीत जाऊन कळवावे लागते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि मोसम संपताच गावी जाणाऱ्या कुटुंबाला ते फार जड जाते. आईवडिलांची नावे त्यांच्या नागरिकतेवर आहेत तशीच लिहून घ्यावीत. ‘बहादूर’ एवढेच लिहून भागवले, तर सोळा वर्षांनी त्या मुलाला आपले आईबाप सिद्ध करत फिरावे लागेल.

जन्मदाखला नागरिकत्व देत नाही. आधारही देत नाही. आधार कायद्याच्या कलम ९मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मुलाला भारतीय दाखवून मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट काढू नये. तो गुन्हा आहे, आणि दोन्ही देशांतली त्याची वाट त्याने बिकट होते.

शाळेचा हक्क मात्र नागरिकत्वावर अवलंबून नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे मुख्याध्यापकांनी, पालकांनी आणि आपण सर्वांनीच लक्षात ठेवायला हवे.

बागायतदारांना आणि बोटमालकांना कळकळीची विनंती : तुमच्याकडे राबणाऱ्या कुटुंबात मूल जन्मले, तर बापाला एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्या, त्याच्यासोबत ग्रामपंचायतीत जा, दाखल्यावरची नावे वाचून पाहा. हा कागद त्या मुलाला आयुष्यभर पुरेल.

(पुढील भागात : शेजारच्या गोव्यातील पोर्तुगीज नागरिकत्वाचा प्रश्न)