न मोजलेल्या ओढ्यांचे शास्त्र

सातारा जिल्ह्यातील म्हसवड ज्या माणगंगेच्या काठी वसले आहे ती नदी माण तालुक्यातील डोंगरांत उगम पावते आणि सातारा, सांगली व सोलापूर या तीन जिल्ह्यांतून वाहत जाऊन भीमेला मिळते. मात्र वर्षातील बहुतेक महिने तिचे पात्र कोरडे असते, आणि या भागाचे खरे पाणी पात्राच्या वाळूखाली, विहिरींत व खडकांच्या भेगांत साठलेले असते. म्हसवडच्या खाली एकोणिसाव्या शतकात, दुष्काळी कामातून उभा राहिलेला राजेवाडीचा तलाव आहे; त्याचे पाणी पसरते माणमध्ये आणि भिजवते मुख्यतः सांगलीतील आटपाडी व सोलापुरातील सांगोल्याची जमीन. जिल्ह्याची हद्द पाण्याला लागू होत नाही हे येथील शेतकऱ्याला कोणत्याही परिषदेआधीच ठाऊक होते. जलविज्ञान, म्हणजे पाऊस, बाष्पीभवन, प्रवाह आणि भूजल यांचा एकत्र अभ्यास करणारे शास्त्र, देशोदेशींच्या सहकार्यावाचून उभे राहू शकत नाही, याचे मूळ कारणही तेच आहे.

या सहकार्याला संघटित रूप येण्यास बराच काळ लागला. आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघटनेची मुळे १९२२ पर्यंत मागे जातात. तथापि युनेस्कोच्या पुढाकाराने १९६५ ते १९७४ या काळात पाळले गेलेले ‘आंतरराष्ट्रीय जलविज्ञान दशक’ हा खरा वळणबिंदू होय, कारण नद्यांचे प्रवाह व भूजलाच्या पातळ्या निरनिराळ्या देशांत एकाच रीतीने मोजल्या जाव्यात, असा आग्रह या दशकात प्रथमच जागतिक पातळीवर धरला गेला. रुरकी येथे १९७२ मध्ये सुरू झालेला आंतरराष्ट्रीय जलविज्ञान अभ्यासक्रम हे त्याच दशकाचे भारतातील एक फळ आहे.

आंतरराष्ट्रीय जलविज्ञान संघटनेने २००३ ते २०१२ या काळात हाती घेतलेला उपक्रम माणदेशाच्या, म्हणजे माणगंगेच्या या कोरड्या भागाच्या, दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण ज्या खोऱ्यांत प्रवाह मोजण्याचे एकही केंद्र नाही तेथील पाण्याचा अंदाज कसा बांधावा, हाच त्याचा विषय होता. मोठ्या नद्यांवर मोजणी केंद्रे असतात. परंतु माणगंगेला मिळणाऱ्या असंख्य ओढ्यांतून एका वळवाच्या सरीत किती पाणी वाहून गेले याची नोंद बहुधा कोठेच होत नाही, आणि तरीही त्याच ओढ्यांवर बंधारे कोठे घालावेत हे ठरवावे लागते. अशा वेळी पाऊस, उतार, माती व खडक यांबाबत साम्य असलेल्या मोजलेल्या खोऱ्याची माहिती न मोजलेल्या खोऱ्याला लावून पाहण्याची रीत शास्त्रज्ञ वापरतात, आणि असे जुळे खोरे दुसऱ्या देशातही सापडू शकते. अर्थात, कोठेतरी कोणीतरी नीट मोजले असेल तरच ही उसनवारी शक्य होते.

महाराष्ट्रात हे मोजमाप वाढवण्याचे मोठे काम जागतिक बँकेच्या कर्जातून व नेदरलँड्सच्या तांत्रिक साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘हायड्रॉलॉजी प्रकल्पा’ने केले. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याआधीपासून निवडक विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे अशी वर्षातून चार वेळा मोजत होती. निरीक्षण विहिरीच्या कठड्यावरील एका ठरलेल्या खुणेपासून टेप पाण्यापर्यंत सोडायचा, आलेल्या आकड्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची आणि विहिरीवरील पंप नुकताच चालू होता काय हे विचारून घ्यायचे, इतके हे काम साधे आहे. परंतु खूण बदलली किंवा पंपाची चौकशी राहिली तर आकडा फसवा ठरतो. शिवाय उपशाची विहीर ही निरीक्षणाला मुळातच गैरसोयीची असते. म्हणून या प्रकल्पात केवळ मोजणीसाठी बोअर घेण्यात आले व त्यांपैकी अनेकांत पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रे बसवण्यात आली. डच तज्ज्ञांचा खरा उपयोग यंत्रांपेक्षा नोंदी तपासण्याच्या शिस्तीत झाला, असे म्हणावयास हरकत नाही. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात (२००६ ते २०१४) डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेने कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी पूर-अंदाज आणि धरण-परिचालनाची संगणकीय प्रणाली तयार केली. तिच्यानंतरही ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली पाण्याखाली गेली, यावरून अंदाज वर्तवणे आणि त्यावरून वेळेवर निर्णय घेणे ही दोन वेगळी कामे आहेत एवढे तरी दिसते.

विहिरीत पाणी किती आहे हे टेप सांगतो. ते कोठून आले हे मात्र तो सांगू शकत नाही. त्यासाठी समस्थानिकांचा आधार घेतात. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वजनाने भिन्न असलेले अणू. ऑक्सिजनचा बहुतांश भाग वस्तुमानांक १६ असलेल्या अणूंचा असतो, तर अगदी थोडा भाग १८ वस्तुमानांकाच्या जड अणूंचा. पाण्याची वाफ होताना हलके रेणू अधिक सहजतेने निघून जातात, त्यामुळे उन्हात बराच काळ साठून राहिलेल्या तलावाच्या पाण्यात जड अणूंचे प्रमाण वाढते. म्हणजे राजेवाडीसारख्या तलावातून झिरपलेले पाणी आणि थेट पावसातून मुरलेले पाणी एकाच विहिरीत आले, तरी प्रयोगशाळेत त्यांचा वाटा वेगळा काढता येतो. उरमोडी, जिहे-कठापूर आणि टेंभू या योजनांमुळे कृष्णा खोऱ्याचे पाणी आता माण, खटाव व आटपाडीकडे वळले असल्याने हा प्रश्न येथे यापुढे अधिकच व्यवहाराचा होईल. परंतु विहिरीतील नमुना ताडून पाहण्यासाठी पावसाची दीर्घकाळची नोंद लागते, आणि ती व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक हवामान संघटना यांनी १९६० च्या सुमारास उभारलेल्या जागतिक जाळ्यातून मिळते. ठिकठिकाणच्या केंद्रांवर महिन्याभराचा पाऊस बाटलीत साठवून तपासायचा, एवढेच हे काम असले तरी ते दशकानुदशके चालू राहिले, यातच त्याची किंमत आहे.

आकाशातून भूजल मोजण्याचा प्रयोग याहून अधिक गाजला. अमेरिका व जर्मनी यांनी मार्च २००२ मध्ये सोडलेले ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून फिरत असत. खालच्या भूभागाचे वस्तुमान, म्हणजेच गुरुत्वाकर्षण, बदलले की त्यांच्यातील अंतर किंचित बदलत असे, आणि त्यावरून जमिनीखालील पाण्याची वाढ-घट काढता येत असे. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब व हरियाणा या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये याच उपग्रहांच्या आधारे प्रसिद्ध झाला. माणदेशाला मात्र या दृष्टीचा फारसा उपयोग नाही. ग्रेसला स्पष्ट दिसणारा तुकडा लाखाहून अधिक चौरस किलोमीटरचा, तर सबंध सातारा जिल्हा साडेदहा हजारांच्या घरातला. पाच हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचे महाबळेश्वर आणि पाचशेच्या आतबाहेर असलेले म्हसवड यांची त्या एकाच तुकड्यात सरासरी होऊन जाते.

त्यातही दख्खनचा बेसाल्ट हा खडक सरासरीला मुळीच बधत नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनलेला असून भेगाळलेला किंवा सच्छिद्र थर पाणी धरतो आणि त्याखालचा अखंड काळा पाषाण ते अडवतो. परिणामी एका बांधावरील विहीर भरलेली, तर पलीकडची कोरडी असते. केंद्र सरकारच्या १९९७ च्या भूजल-अंदाज निकषांनुसार झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाचा ७ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये १३ टक्के भाग मुरतो, असे धरले जात असे, म्हणजे खडकाचा थर बदलताच हिशेब जवळजवळ दुप्पट होत असे. जेथे सरासरी चालत नाही तेथे प्रत्यक्ष अनुभवच उपयोगी पडतो. पुण्याचे डॉ. श्रीकांत दाजी लिमये यांनी युनेस्कोच्या छत्राखाली ‘ग्रोनेट’ हा प्रकल्प चालवला, तो अल्प उत्पन्नाच्या देशांतील भूजल-व्यवस्थापनाचे चांगले अनुभव एकमेकांपर्यंत पोचवण्यासाठीच. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’सारख्या भारतीय संस्थांबरोबर गुजरात, तमिळनाडू आणि मुळशी तालुक्यातील कोळवण खोरे येथे बंधाऱ्यांचे पाणी प्रत्यक्षात किती मुरते हे मोजले. अशा पुनर्भरणाचा लाभ जागेगणिक फार बदलतो, म्हणून उपशावरील नियंत्रणाला केवळ पुनर्भरण हा पर्याय ठरत नाही, असा त्या अभ्यासाचा रोख होता. जलसंधारणाच्या उत्साहात हा इशारा सहसा ऐकला जात नाही.

अशा सहकार्यातील एक उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. गावातील विहिरींची आकडेवारी शोधनिबंधांत जाते, परिषदांत मांडली जाते आणि बहुधा इंग्रजीतच राहते. ज्यांच्या विहिरीत टेप सोडला त्यांना मे महिन्याचा आकडा जूनमध्ये कळला तर त्यांच्या पेरणीचा काही विचार होऊ शकेल. तशी सोय होईपर्यंत माण, खटाव व आटपाडीतील ग्रामपंचायतींनी निदान दोन-तीन विहिरी निवडाव्यात, कठड्यावर कायमची खूण करावी आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, पंप सुरू करण्यापूर्वी, पाण्याची पातळी व त्या महिन्याचा पाऊस एका वहीत लिहून ठेवावा. या कामाला टेप, वही आणि शाळेतील एक शिक्षक पुरेसा आहे.