गटफोटोतून एका चेहऱ्यापर्यंत

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची चित्रफीत करताना आपल्याला जुन्या गटफोटोतून हळूहळू पहिल्या मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यापर्यंत जायचे आहे. 'सिटी ऑफ गोल्ड' (१९५७) या कॅनडाच्या माहितीपटात डॉसन शहराचे जुने फोटो असेच जिवंत झाले. 'द सिव्हिल वॉर' (१९९०) या मालिकेमुळे पुढे या पद्धतीला केन बर्न्स यांचे नाव पडले.

आपण करतो तेव्हा मात्र चित्र आधी धावते, मग रेंगाळते. असे का?

समजा, १० सेकंदांत फोटो चौपट करायचा आहे. दर सेकंदाला मूळ आकाराच्या ०.३ पट भर घातली, तर पहिल्या सेकंदात तो ३० टक्के वाढतो, शेवटच्या सेकंदात जेमतेम ८ टक्के! डोळ्याला जाणवते ते गुणोत्तर, बेरीज नव्हे. म्हणून ५ सेकंदांत दुप्पट, पुढच्या ५ सेकंदांत पुन्हा दुप्पट, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १५ टक्के वाढ हवी. (चक्रवाढ व्याजाचा तास घेणाऱ्यांना हे उदाहरण आयतेच मिळाले.) फक्त सुरुवातीला व शेवटी वेग थोडा कमी ठेवावा, नाहीतर एसटीने ब्रेक मारल्यासारखे वाटते.

आणि चेहरा ओळखू यायला हवा ना? चित्रफीत १९२० पिक्सेल रुंद असेल, तर चौपटीसाठी फोटो किमान ७६८० पिक्सेल रुंदीचा स्कॅन करावा लागेल.