खर्जाचा ध्वनिक्षेपक

गणेशोत्सवापूर्वी वारजे परिसरात मुठेच्या काठी ढोल-ताशांचा सराव चालू असता एक गोष्ट ध्यानात येते. जवळ उभे राहिल्यास ताशाचा कडकडाट असह्य होतो; परंतु दूर घरात दारे-खिडक्या लावून बसलेल्या माणसास ढोलाचा ठोकाच तेवढा ऐकू येतो. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीचेही असेच आहे. वरच्या इयत्तांतील मुले याचे कारण विचारतात, व ते त्यांस सांगता येण्याजोगे आहे.

ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदास ४,००० कंपनांच्या तीक्ष्ण स्वराची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर, तर ४० कंपनांच्या खर्जाची साडेआठ मीटर, म्हणजे जवळजवळ वर्गाच्या खोलीएवढी! एवढी लांब लाट अडथळ्यांना सहज वळसा घालते. पातळ दारे व तावदाने तर तिच्याबरोबर हलूच लागतात.

असा स्वर उत्पन्न करणे मात्र सोपे नव्हे. कंपनसंख्या निम्मी झाली की तोच जोर राखण्यास पडद्याला चौपट अंतर मागेपुढे सरकावे लागते. म्हणून हे ध्वनिक्षेपक पंधरा-अठरा इंच व्यासाचे असतात. पेटीही शोभेची नसते. पडदा पुढे सरकताना समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. कंपने मंद असली की या दोन्ही लाटा कडेने मिळून परस्परांस नाहीशा करतात. पेटी त्यांस वेगळे ठेवते.

हे वर्गात दाखविता येते. सेलवर चालणाऱ्या जुन्या रेडिओचा ध्वनिक्षेपक, तारा न तोडता, बाहेर काढून वाजवावा. नंतर मोठ्या जाड पुठ्ठ्याला मापाचे भोक पाडून त्यामागे तो घट्ट धरावा. तबल्याचे वादन चालू असेल तर डग्ग्याचा घुमारा एकदम भरून आलेला मुलांस कळतो. माझ्या मते पाठ्यपुस्तकातील चार आकृत्यांपेक्षा हा पुठ्ठा अधिक शिकवितो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. हे मोजमाप कानाच्या संवेदनक्षमतेस अनुसरून केलेले असल्यामुळे ५० कंपनांच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा धरले जातात. तेव्हा तावदाने थरथरत असता मापकाचा आकडा लहान दिसला, तर यंत्र बिघडले असे समजू नये.

शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटीचे तोंड फिरविल्याने खर्ज फिरत नाही. तो चहूकडे पसरतो. उघड्यावर अंतर दुप्पट केल्यास मात्र सुमारे ६ डेसिबल उतरतात. लहान मुलांची सतरंजी पेटीपासून शक्य तितकी दूर अंथरावी.