भुईआवळी: रंग उतरला, पुढे काय?

पाऊस लागून पंधरवडा झाला की अंगणातल्या फरशीच्या फटीत वीतभर रोप उभं राहतं. पानं आवळ्यासारखी, आणि फांदी उलटी धरली की खाली मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं लोंबताना दिसतात. ही भुईआवळी, रात्री पानं मिटणारी. कावीळ झाली की हिचा रस ताकातून किंवा दुधातून द्यायचा, हे गावोगाव ठाऊक असतं. (कावीळ पुष्कळदा आपली आपणही उतरते, श्रेय मात्र मुळीला जातं.)

प्रयोगशाळेत हिची अँटिऑक्सिडंट म्हणून परीक्षा सोपी. डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणाच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून असतो. अर्क घातला की त्यातली पॉलिफेनॉलं आपला हायड्रोजन देऊन टाकतात आणि जांभळा रंग पिवळा पडतो. ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते मोजायचं. देणारं पॉलिफेनॉल स्वतः बेभान होत नाही, कारण उरलेला एकटा इलेक्ट्रॉन त्याच्या कड्यात वाटला जातो. भुईआवळीतली जेरानिन, कोरिलाजिन ही टॅनिनं या परीक्षेत झकास पास होतात. पण कपभर चहाही होतो!

खरी अडचण पोटात आहे. ही टॅनिनं अखंड रक्तात फारशी जात नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांची मोडतोड करतात आणि शरीराला मिळतात ते वेगळेच रेणू. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांच्या अशा प्रयोगशाळेतल्या अँटिऑक्सिडंट गुणांकांचा तक्ता २०१२ साली मागे घेतला. त्याआधी, १९९४ मध्ये, फिनलंडच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्के वाढला होता. जाहिरातवाल्यांना हे आठवत नाही.

भुईआवळीची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. १९८८ साली ‘लान्सेट’मध्ये मद्रासच्या संशोधकांनी, हेपटायटिस बी शोधणाऱ्या नोबेलविजेत्या ब्लुमबर्ग यांच्यासह, एक चाचणी छापली. महिनाभर पूड घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं प्रतिजन नाहीसं झालं. नुसती खोटी गोळी घेतलेल्या २३ जणांत एकाच्याच. दोनच वर्षांनी थायलंडमधल्या चाचणीत मात्र असा गुण आला नाही.

वनस्पतीच निराळी होती का? ही शंका रास्त आहे, कारण भुईआवळी नावाखाली आपल्याकडे अनेक जाती खपतात. फिलँथस अमारस ही त्यातली फिलॅन्थिन भरपूर असलेली. पण तिचं मूळ अमेरिकेत असावं असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मग च्यवनप्राशातली चरकांची तामलकी, जिला भुईआवळी समजतात, ती कोणती? मला तरी हा प्रश्न अँटिऑक्सिडंटच्या आकड्यांपेक्षा जास्त कुतूहलाचा वाटतो.

अमारसच्या फुलाला पाच पाकळ्यांसारखी दलं, तिच्या जुळ्या बहिणीला, फ्रॅटर्नसला, सहा. बघायला भिंग लागतं, आणि फूल लागतं. दुकानातल्या पुडीत दोन्ही नसतं.