घरचें माणूस हरवलें असतां

संकट कोसळलें कीं आपल्या एकत्र कुटुंबांत प्रथम काय होतें? वडीलधारी मंडळी माजघरांत जमतात, दार लोटून घेतात आणि "बाहेर कोणाला बोलूं नका" अशी ताकीद मुलांना मिळते. अब्रू जपण्याची ही संवय इतर प्रसंगीं शोभत असेल. परंतु घरांतील माणूस नाहींसें झालें असतां तीच घातक ठरते, हें आम्ही स्वानुभवानें शिकलों आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं नांदेडांत आमचे एक वृद्ध काका सकाळीं गोदेच्या घाटाकडे म्हणून निघाले, ते दुपार झाली तरी परतले नाहींत. त्यांना विस्मृतीचा विकार जडला होता. ही गोष्ट आम्हीं घराबाहेर कोणास कळूं दिली नव्हती. दिवसभर आम्हीं घाट, देवळें, आप्तांचीं घरें धुंडाळलीं. पोलीस ठाण्याची पायरी मात्र रात्रीं दहा वाजतां चढलों. पहांटे कळलें कीं काका आदल्या दुपारपासून पूर्णा स्थानकावर लोहमार्ग पोलिसांपाशीं बसून होते. त्यांना स्वतःचें नांव सांगतां येईना, आणि आमचीच नोंद नसल्यावर तीं दोन टोकें कोणीं कशीं जुळवावीं? दोष सर्वस्वी आमचा होता.

माणूस हरवल्यावर चोवीस तास थांबावें लागतें, असा समज घरोघर आढळतो. त्याला कायद्याचा आधार नाहीं. उलट प्रत्येक तासागणिक शोधाचें क्षेत्र वाढत जातें. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरास जाते. लातूरहून रात्रीं निघालेली गाडी उजाडतां मुंबईस पोहोंचते. म्हणून घरच्यांनीं शोध अवश्य करावा. पण त्याच वेळीं एकानें जवळचें ठाणें गांठावें, किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें. हरवलेलें मूल असेल तर १०९८, गाडींत वा स्थानकावर चुकामूक झाली असेल तर १३९ हे क्रमांकही ध्यानांत ठेवावे.

अठरा वर्षांखालील मूल हरवलें असेल, तर सर्वोच्च न्यायालयानें १० मे २०१३ रोजीं 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर दिलेल्या आदेशाप्रमाणें पोलिसांनीं अपहरण अथवा मानवी व्यापाराचा संशय गृहीत धरून गुन्हाच नोंदवावयाचा असतो. सज्ञान व्यक्तीविषयीं आरंभीं बेपत्ता म्हणून नोंद होते. तिलाच ठाण्यावर 'मिसिंग' म्हणतात. मात्र घातपाताचा वा पळवून नेल्याचा संशय असेल, तर तो तेथेंच स्पष्ट सांगावा. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वयें दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दींत घडलेला असो, ठाण्यानें घ्यावयाची असते, आणि नोंदीची प्रत खबर देणारास विनामूल्य मिळते. टाळाटाळ झाल्यास तीच खबर लेखी स्वरूपांत टपालानें जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे धाडतां येते.

ठाण्यावर जातांना अलीकडचें छायाचित्र न्यावें. वय, उंची, बांधा, अंगावरील खुणा, बोलण्याची भाषा, चालूं असलेलीं औषधें, जवळचे पैसे, मोबाइलचा क्रमांक, शेवटचें कोणीं व कोठें पाहिलें, हें सर्व कागदावर उतरवून घ्यावें. अंगावर कोणते कपडे होते, पायांत काय होतें, हें बहुधा घरांतील स्त्रियांनाच अचूक ठाऊक असतें. म्हणून ठाण्यावर पुरुषांनींच जावें हा हट्ट नको.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं कांहीं लपवूं नये. वैद्यकीच्या व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं लातुरास दूरदूरचीं मुलें येऊन राहतात. निकालानंतर एखादा मुलगा खोलीवर परतला नाहीं, तर त्याचें अपयश, वडिलांचे कठोर शब्द, मित्राला धाडलेला निरोप, हेंच शोधाचें सूत्र असतें. तें झांकून पोलिसांकडून तपासाची अपेक्षा करणें म्हणजे वैद्यापासून दुखणें लपविण्यासारखें आहे. झांकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण येथें मुठींतून निसटत असतें तें आपलेंच माणूस.

नोंदीचा क्रमांक व तपास करणाऱ्या अंमलदाराचें नांव लिहून घ्यावें. लोहमार्ग पोलीस व सरकारी रुग्णालय यांजकडे आपणही चौकशी करावी. घरीं सदैव कोणीतरी असावें. माणूस परत आलें तर तेंही ठाण्यावर कळवावें. सज्ञान व्यक्ति स्वेच्छेनें गेल्याचें निष्पन्न झालें, तर ती सुखरूप आहे एवढ्यावर समाधान मानण्याची तयारीही ठेवावी.

काळ लोटला तरी आशा सोडूं नये. डॉ. भरत वाटवाणी यांना २०१८ सालीं मॅगसेसे पुरस्कार लाभला, तो रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना पुनः घरीं पोहोंचविण्याच्या कार्याबद्दलच.

आमचे काका पुढें तीन वर्षें घरांत होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशांत नांव, पत्ता व दूरध्वनि-क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आमच्या काकू रोज सकाळीं स्वतः घालीत. शेजाऱ्यांनाही सारें सांगितलें होतें. अब्रू कांहीं गेली नाहीं.