दगडाची साक्ष

अश्मयुगातील मानवाला लेखनकला अवगत नव्हती. मग त्याची दगडी हत्यारे कोणत्या कामी येत, हे कसे ओळखावे? केवळ आकारावरून बांधलेला तर्क पुष्कळदा फसतो. सोव्हिएत संशोधक सर्गेई सेम्योनोव्ह यांनी ही हत्यारे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. झिजलेल्या धारेवर त्यांना बारीक ओरखडे व चकाकी आढळली. मग तशीच नवी हत्यारे घडवून त्यांनी लाकूड तासून पाहिले, कातडी खरवडली आणि उमटलेल्या खुणा जुन्या खुणांशी ताडल्या. कापताना ओरखडे धारेला समांतर पडतात. खरवडताना ते धारेशी काटकोन करतात. हे संशोधन १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ज्यांची नावेही उरली नाहीत, त्या माणसांच्या श्रमांची नोंद दगडाने अशी जपून ठेवली आहे.