गळाकडून नायलॉनकडे: वऱ्हाडातल्या माशांची ओळख

अमरावती जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. पूर्णा आणि मेळघाटातली सिपना तापीला मिळून अरबी समुद्राकडे, तर वर्धा गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे. अकोल्याच्या मोर्णा आणि काटेपूर्णा पूर्णेच्याच. खोरी वेगळी, म्हणून मासळीतही फरक असायचा, आणि तो ठाऊक असायचा गळ टाकणाऱ्याला. कारण गळ लावण्याआधी मासा मनात धरावा लागतो. मरळ हवी तर काठाच्या गवतात जिवंत बेडकी, वाम किंवा शिंगाडा हवा तर अंधार पडल्यावर गांडूळ लावून शिसं तळाला. दोऱ्याची लांबी, आमिष, वेळ हे सगळं माशाच्या सवयीवरून ठरे. मासे ओळखण्याची विद्या अशी अवजारातच मुरलेली होती, आणि अवजार बदललं तशी ती आटत गेली, असं मला वाटतं.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. त्याआधी या माशांचं बीज, म्हणजे अंडी आणि इवली पिलं, पुराच्या नदीतून गोळा करावं लागे. पुढे ते केंद्रांतून मिळू लागलं आणि रोहू, कटला, मृगळ हे मुख्यतः गंगेकडचे मासे दोन्ही खोऱ्यांतल्या जलाशयांत एकसारखे सोडले गेले. १९९३ मध्ये वर्धेवर ऊर्ध्व वर्धा धरण उभं राहिलं. अवजारही बदललं: सुती दोऱ्याची जागा नायलॉनच्या जाळ्यांनी घेतली. मोठ्या डोळ्याच्या जाळ्यात अडकतो तो मुख्यतः मोठा कार्प, बारीक डोळ्याच्या जाळ्यात सगळंच येतं आणि ‘चिल्लर’ म्हणून एकत्र तोललं जातं. दोन्हीकडे ओळखायची गरज उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, कार्पमुळेच भोई कुटुंबांच्या आणि सहकारी संस्थांच्या हाती पैसा आला. ते खरंच आहे, आणि ते बीज बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, म्हणून बीज पुन्हा पुन्हा विकत घ्यावं लागतं. मरळ मात्र तळ्यातच अंडी घालते आणि पिलांची राखणही करते. दुसरा आक्षेप असा, की बाजारात वजनाला भाव आहे, नावाला नाही. मग आफ्रिकन मागुरावर २००० साली बंदी का आली? देशी मागुरासारखा दिसणारा तो खादाड मासा स्थानिक मासळी फस्त करतो, आणि दोघांतला भेद न कळणाऱ्याच्या तळ्यात तो सहज शिरतो.

ओळखीला प्रयोगशाळा लागत नाही. रोहूच्या ओठाला झालर असते, कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, शिवड्याचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. काठावर तोलताना चिल्लर निवडून, जातवार नावं आणि नदीचं खोरं लिहून ठेवलं, तर पूर्णेत काय उरलं आणि वर्धेत काय, हे वर्षागणिक कळेल.